वारशाचे ईमान आणि कमावलेले ईमान



नंदुरबार जिल्ह्यातील खांडबाऱ्यासारख्या गावातले घर असो वा मुंबई-पुण्यातले, मुलांच्या तोंडून एक प्रश्न कधी ना कधी निघतोच : आपण हे असेच का करतो? पुष्कळदा उत्तर ठरलेले असते. वाडवडील असेच करीत आले, म्हणून. असे उत्तर देताना आपण दीनचे रक्षण करीत आहोत, अशी आपली समजूत असते. परंतु पवित्र कुरआनाने सूरह अल-बकरामध्ये नेमके हेच उत्तर नाकारले आहे. पूर्वजांनी बुद्धी वापरली नसेल आणि ते सरळ मार्गावर नसतील, तरीही त्यांच्याच मागे जाणार काय, असा तेथे सवाल आहे. सूरह अन्-निसामध्ये तर ईमानवंतांना आज्ञा आहे की, साक्ष स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध किंवा नातलगांविरुद्ध जात असली तरी न्यायावर ठाम राहावे.

याचा अर्थ असा की, आपल्या परंपरेत शिरलेले दोष दाखवणे हे दीनच्या शत्रूचे काम आहे असे मानण्याचे कारण नाही. ते श्रद्धावंताचेही कर्तव्य असू शकते. मात्र ते कोणत्या वृत्तीने करावे आणि त्याची किंमत कोणी मोजावी, हा खरा प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या आयुष्यात सापडते, त्या मौलाना अबुल कलाम आझाद यांचा परिचय आज करून घेऊ. स्वातंत्र्यलढ्याचे नेते आणि देशाचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांची जयंती, ११ नोव्हेंबर, राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळली जाते, हेही आपली मुले जाणतात. पण आपल्याच धार्मिक परंपरेची प्रामाणिक चिकित्सा करणारे मौलाना आपल्याला त्या मानाने अपरिचित आहेत.

मौलानांचा जन्म १८८८ साली पवित्र मक्केत झाला. वडील मौलाना खैरुद्दीन हे नामांकित आलिम आणि पीर होते. मक्केतील नहर-ए-जुबैदाच्या दुरुस्तीसाठी त्यांनी निधी जमवला, हे त्यांचे मोठे पुण्यकार्य. आई अरब घराण्यातील. पुढे कुटुंब कलकत्त्यास स्थायिक झाले. वडिलांचे मुरीद दूरदूर पसरलेले होते. वडील जुन्या वळणाचे होते. नव्या पद्धतीच्या शिक्षणावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून मुलाला शाळेत न घालता त्यांनी घरीच शिकवले. अरबी, फारसी, फिकह, तर्कशास्त्र, गणित असा दर्स-ए-निजामीचा अभ्यासक्रम त्या बुद्धिमान मुलाने सोळाव्या वर्षाच्या आसपास संपवला. ज्या वयात इतर विद्यार्थी निम्मी वाटही चालत नाहीत, त्या वयात तो इतरांना शिकवू लागला.

वाचकहो, या मुलाच्या पुढे काय वाढून ठेवले होते, याचा विचार करा. पीरजादा असल्यामुळे वयाने मोठी माणसेही त्याच्यापुढे अदबीने उभी राहत. वडिलांनंतर त्यांची गादी, हजारो मुरिदांची निष्ठा, मानमरातब आणि निश्चिंत उपजीविका हे सारे त्याला केवळ जन्माने मिळणार होते. त्यासाठी काहीच करावे लागणार नव्हते. फक्त प्रश्न विचारायचे नव्हते.

त्याने प्रश्न विचारले. सर सय्यद अहमद खान यांचे लेखन त्याच्या हाती पडले आणि आधुनिक विद्येची ओढ लागली. वडिलांच्या वर्तुळात सर सय्यद यांचे विचार मुळीच मान्य नव्हते. मुलगा स्वतःच्या प्रयत्नाने इंग्रजी शिकला. मग त्याहून खोल शंका उभी राहिली. प्रत्येक धर्म सत्याचा दावा करतो. सत्य जर एकच, तर हे भेद का? आणि एकाच कुरआनाला मानणारे आपले निरनिराळे गट एकमेकांना वाट चुकलेले, प्रसंगी काफिरही ठरवतात, ते कशाच्या आधारावर? काही वर्षे हा तरुण अशा अवस्थेत होता की, वारशाने मिळालेली श्रद्धा गळून पडली होती आणि दुसरी कोणती हाती आली नव्हती. याच काळात त्याने ‘आझाद’ हे नाव घेतले. घराण्याने दिलेल्या समजुतींच्या बंधनात आपण आता नाही, हे त्या नावातून सांगायचे होते.

या शंकेच्या काळाबद्दल मौलानांनी पुढे कधी लपवाछपवी केली नाही. आलिम म्हणून कीर्ती झाल्यावर असा भूतकाळ झाकून ठेवणे सोपे असते. त्यांनी तो लिहून ठेवला. शंकेच्या त्या रानातूनच ते परत इस्लामपाशी आले. पण आता हा दीन त्यांना वडिलांकडून मिळालेला नव्हता, स्वतः शोधून, तपासून स्वीकारलेला होता. वडिलांच्या निधनानंतर मुरीद जमवण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही. टीकेची पहिली किंमत त्यांनी स्वतःच्या घरातून दिली. मात्र वडिलांच्या विद्वत्तेबद्दल आणि सेवाकार्याबद्दलचा आदर त्यांच्या लेखनात कायम राहिला. मतभेद आणि अनादर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

लेखणी त्यांनी फार लवकर हाती धरली होती. १९०३ साली, पंधराव्या वर्षी, त्यांनी कलकत्त्याहून ‘लिसानुस्सिद्क’ हे मासिक काढले. त्याच्या उद्दिष्टांत मुस्लिम समाजातील चालीरीतींची सुधारणा हे प्रमुख होते. संपादक कोणी वयोवृद्ध गृहस्थ असावेत, असा वाचकांचा समज होई. मुंबईत शिबली नोमानी यांची पहिली भेट झाली, तेव्हा समोरचा मुलगा संपादकाचा पुत्र आहे, असेच त्यांना वाटले. १९०८ च्या सुमारास मौलानांनी इराक, सीरिया, इजिप्त आणि तुर्कस्तान असा प्रवास केला. कैरोतील अल-अजहरचे नाव साऱ्या मुस्लिम जगात आदराने घेतले जाते. परंतु तेथील तेव्हाची शिक्षणपद्धती त्यांना सदोष वाटली. तिच्यातून बुद्धीला वळण लागत नाही आणि जुन्या इस्लामी विद्यांचे ज्ञानही पुरेसे होत नाही, हा आपला अभिप्राय त्यांनी नोंदवला. थोर नावापुढे डोळे दिपू न देणे, हा त्यांचा स्वभावच होता.

१३ जुलै १९१२ रोजी ‘अल-हिलाल’ साप्ताहिक सुरू झाले. परकीय सत्तेवर त्यात प्रहार होत, तसेच मुस्लिम समाजाच्या भित्रेपणावर आणि उलेमांच्या मौनावरही होत. दोन वर्षांत त्याचा खप आठवड्याला २६,००० प्रतींवर गेला. सरकारने जामिनकी मागितली, ती जप्त केली आणि पत्र बंद पडले. १९१६ मध्ये मौलानांना बंगालमधून हद्दपार करून रांची येथे नजरकैदेत ठेवण्यात आले. तेथे ते मशिदीत जुम्याचे खुत्बे देत. तेथेच त्यांनी मदरसा इस्लामिया स्थापन केला. ‘तजकिरा’ हा ग्रंथ याच काळातला. सत्तेपुढे न झुकणाऱ्या आलिमांचा गौरव आणि दरबारी आलिमांची कठोर झडती, असे त्याचे स्वरूप आहे. मुस्लिमेतरांना मशिदीत येऊ द्यावे की नाही, असा वाद १९१९ मध्ये उठला, तेव्हा धर्मग्रंथांतील आधार देऊन त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि असा प्रवेश शरीअतला मान्य असल्याचे दाखवले. प्रचलित समजुतीला त्यांनी मूळ दीनच्या आधारेच उत्तर दिले, ही त्यांची रीत होती.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. मौलाना प्रत्येक वेळी अचूक होते असे नाही. १९२० मध्ये खिलाफत चळवळीच्या भरात हिंदुस्थान सोडून हिजरत करण्याच्या बाजूने त्यांनी मत दिले. हजारो गरीब माणसे, विशेषतः सिंध आणि सरहद्द प्रांतातील, घरदार विकून अफगाणिस्तानकडे निघाली. पुढे अफगाण सरकारने वाट बंद केली. कित्येक वाटेतच मरण पावले, उरलेले कंगाल होऊन परतले. त्याच सुमारास सर्व मुस्लिमांचा एक इमाम-ए-हिंद निवडावा, हा त्यांचा आग्रहही होता आणि तो फळाला आला नाही. ज्यांच्यावर आपण प्रेम करतो त्यांची चरित्रे लिहिताना अशी पाने गाळण्याची सवय आपल्यात रुजली आहे. परंतु परंपरेची चिकित्सा करायची आणि चिकित्सकाला मात्र तिच्यातून सूट द्यायची, हे सुसंगत नाही. मौलानांची नंतरची वाट वेगळी झाली. धार्मिक नेतृत्व एका हाती असावे हा आग्रह मागे पडला आणि सर्व धर्मांच्या देशबांधवांसह एकत्र जगण्याचा विचार दृढ झाला.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे ‘तर्जुमानुल कुरआन’. या कामाची हस्तलिखिते झडत्यांमध्ये पोलिसांनी नेली. मौलाना पुन्हा लिहावयास बसले. पहिला खंड १९३१ मध्ये आणि दुसरा १९३६ मध्ये निघाला. संपूर्ण कुरआनापर्यंत हे काम पोहोचू शकले नाही. त्यांचे म्हणणे असे होते की, शतकानुशतकांच्या भाष्यांनी कुरआनाच्या सरळ शब्दांवर ग्रीक तत्त्वज्ञानाचे आणि ऐकीव कथांचे थर चढवले. ते बाजूला करून पहिल्या पिढीने तो ज्या साधेपणाने समजून घेतला, तसा समजून घ्यावा. सूरह अल-फातिहाच्या भाष्यात त्यांनी दीन आणि शरीअत यांतील भेद मांडला. एका अल्लाहची भक्ती आणि सदाचार हा दीन सर्व प्रेषितांचा एकच. आचारविधी मात्र काळ व लोक पाहून निरनिराळे. गटबाजी हे दीनच्या विस्मरणाचे फळ आहे. यावर अनेक उलेमांनी आक्षेप घेतले. अशा मांडणीने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावरील ईमानाचे महत्त्व कमी होते, अशी त्यांची भीती होती. मौलानांचा तसा हेतू नव्हता, हे त्यांनी स्पष्ट केले. हा वाद विद्वानांमध्ये आजही संपलेला नाही. आणि आक्षेप घेणाऱ्यांच्या ईमानावरही आपण शंका घेऊ नये.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत काँग्रेसने ‘छोडो भारत’चा ठराव केला. मौलाना तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. दुसऱ्याच पहाटे त्यांना अटक झाली आणि पंडित नेहरू, सरदार पटेल आदी सहकाऱ्यांसह अहमदनगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात ठेवण्यात आले. याच आंदोलनात बरोबर एका महिन्याने, ९ सप्टेंबरला, नंदुरबारात बालवीर शिरीषकुमार आणि त्याचे साथीदार पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. खांडबारा-नंदुरबारच्या वाचकांना तो दिवस वेगळा सांगावयास नको.

चांदबीबीच्या त्या किल्ल्यात मौलानांनी आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून पत्रे लिहिली. ती टपालात पडणार नव्हती. पुढे १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. पहाटेचा चहा, खोलीतील चिमण्या, संगीत अशा विषयांसोबत त्यांत ईमानाचाही विषय आहे. घराण्यातून आलेला धर्म, मुलखातून आलेला धर्म, जनगणनेच्या कागदावरचा धर्म, रूढीपुरता धर्म, असे प्रकार सांगून त्यांनी या साऱ्यांपासून खरा धर्म वेगळा काढला. तरुणपणीची शंका आणि तिच्यातून निघालेली वाट त्यांनी येथेच निवांतपणे सांगितली.

याच कैदेत त्यांची सर्वांत कठीण परीक्षा झाली. पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात गंभीर आजारी पडल्या. सरकारकडे काही विनंती करावयाची असल्यास ती पोहोचवण्याची तयारी तुरुंगाधिकाऱ्याने दाखवली. मौलानांनी नकार दिला. ९ एप्रिल १९४३ रोजी बेगम अल्लाहला प्रिय झाल्या. पतिपत्नीची शेवटची भेट झाली नाही. त्या दिवसांत मौलानांनी आपला दिनक्रम जराही बदलू दिला नव्हता. परंतु नंतर लिहिताना त्यांनी स्वतःलाही सोडले नाही. ती बाहेरची शांती पुष्कळशी देखावा होती, मनातील अभिमान ते सोंग वठवीत होता, अशी कबुली त्यांनी दिली. ज्या माणसाने पीरांची, उलेमांची आणि भाष्यकारांची झडती घेतली, त्याने स्वतःच्या सब्रचीही झडती घेतली. म्हणूनच त्यांची टीका विश्वासार्ह वाटते.

१९४७ मध्ये लखनौत मदरशांच्या अभ्यासक्रमाचा विचार करण्यासाठी सभा भरली, तेव्हाही ते स्पष्ट बोलले. हा अभ्यासक्रम एके काळी त्या युगाची गरज भागवीत होता; युग बदलले, अभ्यासक्रम तेथेच थांबला, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. त्याच अभ्यासक्रमात ते स्वतः घडले होते. फाळणीनंतर दिल्लीच्या जामा मशिदीतून भयभीत मुस्लिमांना त्यांनी धीर दिला, तसे त्यांच्या चुकांबद्दल खडसावलेही. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. जामा मशिदीजवळच ते विसावले आहेत.

वाचकहो, मौलानांच्या प्रत्येक मताशी आपण सहमत व्हावे, असा आग्रह नाही. तसे करणे म्हणजे पुन्हा नवी तकलीद झाली. त्यांच्यापासून घेण्याजोगी आहे ती पद्धत. परंपरेवर बोट ठेवण्यापूर्वी आपल्याला तिच्यापासून मिळणारा लाभ सोडण्याची तयारी हवी. टीकेचा आधार कुरआन, सुन्नत आणि न्यायबुद्धी असावा. कोणाला खाली पाहावयास लावण्याची हौस नसावी. वडीलधाऱ्यांशी मतभेद असला तरी अदब सुटू नये. आणि चिकित्सेची धार आधी स्वतःवर चालवावी.

आपल्या वस्तीतील मशिदीत हात कोठे बांधावेत यावरून नमाजींमध्ये अबोला धरला जात असेल, लग्नातील खर्चापायी एखादा बाप कर्जात बुडत असेल, मुलींना त्यांचा शरीअतने दिलेला वारसाहक्क रिवाजाच्या नावाखाली नाकारला जात असेल, तर हे दोष बाहेरच्या कोणी दाखवण्याची वाट का पाहावी? आणि घरातील मुलाने का असे विचारले, तर त्याला गप्प न करता त्याच्यासोबत बसून उत्तर शोधावे. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावे आणि जाणत्याकडे जावे. प्रश्नातून गेलेले ईमान दुबळे होत नाही. प्रश्नाला घाबरणारे ईमानच दुबळे असते. अल्लाह आपल्या सर्वांना सत्य ओळखण्याची आणि ते स्वतःविरुद्ध गेले तरी स्वीकारण्याची तौफिक देवो. आमीन.