इंजिनाची ठकठक ऐकणारा माणूस : सर हॅरी रिकार्डो

टर्बोचार्जर असलेल्या पेट्रोल मोटारीची ताकद वाढवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बूस्ट वाढवणे. टर्बो सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो, त्या हवेच्या प्रमाणात जादा पेट्रोल आत जाते आणि तेच इंजिन अधिक अश्वशक्ती देऊ लागते. अलीकडच्या मोटारींत हे काम लॅपटॉप जोडून काही मिनिटांत होते. त्यानंतर मालकाच्या मनात एकच प्रश्न उरतो. नेहमीच्या पंपावरचे पेट्रोल भरून किती बूस्ट चालेल? अर्धा बार, पाऊण बार की पूर्ण एक बार? या प्रश्नाला एका आकड्याचे उत्तर नाही. ते का नाही, हे शंभर वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत दाखवून देणाऱ्या ब्रिटिश अभियंत्याचे नाव होते सर हॅरी राल्फ रिकार्डो.

हॅरी यांचा जन्म २६ जानेवारी १८८५ रोजी लंडनमध्ये झाला. विख्यात अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो हे याच घराण्यातले. वडील हॅल्सी रिकार्डो वास्तुविशारद होते. कोलकात्याच्या हावडा स्थानकाची लाल विटांची भव्य इमारत त्यांच्याच आराखड्यानुसार उभी राहिली. आईचे वडील सर अलेक्झांडर मेडोज रेंडेल हे नामवंत स्थापत्य अभियंता. सिंधू नदीवरच्या सक्करच्या पुलाचा आराखडा त्यांचा. घरात एकीकडे रेखाचित्रे आणि दुसरीकडे लोखंडी पूल, अशा वातावरणात हा मुलगा वाढला. आजोबांनी १८९८ मध्ये मोटार विकत घेतली, तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. इंग्लंडच्या रस्त्यांवर त्या काळी मोटार हे नवलच होते. रग्बी येथील शाळेत असतानाच त्यांना लेथ चालवण्याचा आणि छोटी इंजिने बनवण्याचा छंद जडला.

एका क्वार्ट पेट्रोलची शर्यत

१९०३ मध्ये रिकार्डो केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाले. पुढच्याच वर्षी विद्यापीठाच्या ऑटोमोबाइल क्लबने एक स्पर्धा ठेवली. एक क्वार्ट, म्हणजे सव्वा लिटरहूनही कमी पेट्रोलमध्ये जो सर्वांत लांबचा पल्ला गाठेल तो विजेता. रिकार्डो यांनी स्वतः घडवलेल्या मोटारसायकलने सुमारे ४० मैल मजल मारली आणि स्पर्धा जिंकली.

या यशामुळे प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. सिलिंडरच्या आत वायूचा दाब क्षणाक्षणाला कसा बदलतो, हे मोजण्याचे काम हॉपकिन्सन करीत होते. त्यांच्या हाताखाली रिकार्डो यांना आयुष्यभर पुरेल असा विषय मिळाला. तो म्हणजे इंजिनाची ठकठक, मोटार दुरुस्त करणाऱ्यांच्या भाषेत नॉकिंग.

त्या वेळी बहुतेक अभियंत्यांची समजूत अशी होती, की मिश्रण वेळेआधी पेटल्यामुळे ही ठकठक होते. रिकार्डो यांनी वेगळी मांडणी केली. ठिणगी पडल्यावर ज्योत सिलिंडरमध्ये पसरत जाते. जळालेला वायू प्रसरण पावतो आणि पुढे उरलेल्या न जळलेल्या मिश्रणाला कोपऱ्यात दाबत नेतो. दाबामुळे ते मिश्रण तापते. ज्योत पोहोचण्याआधीच ते आपोआप एकदम पेटले, तर दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आदळते. कानाला येणारी ठकठक हा त्याचाच आवाज. धातूच्या पृष्ठभागाला चिकटून असलेला थंड वायूचा पातळ थर त्या लाटेने उधळला जातो आणि उष्णता थेट पिस्टनमध्ये शिरते. अशी ठकठक चालू राहिली, तर पिस्टनच्या कडा तुटतात, माथ्याला भोक पडते, हेड गॅस्केट उडते. वेळेआधी पेटणे हे वेगळे दुखणे आहे, जरी एकामुळे दुसरे ओढवू शकते.

रणगाड्यांचे इंजिन

पदवीनंतर रिकार्डो आजोबांच्या कंपनीत नोकरीला लागले, पण मन इंजिनांतच होते. १९११ मध्ये बिअॅट्रिस हेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पहिल्या महायुद्धाने त्यांच्या आयुष्याला वळण दिले. ब्रिटिश रणगाड्यांची सुरुवातीची इंजिने इतका धूर ओकीत, की शत्रूला रणगाड्याचा ठावठिकाणा दुरूनच कळे. १९१५ मध्ये स्वतःची कंपनी काढलेल्या रिकार्डो यांच्याकडे नव्या इंजिनाचे काम आले. चांगले पेट्रोल विमानांसाठी राखून ठेवलेले असे. त्यामुळे रणगाड्यांच्या वाट्याला हलक्या प्रतीचे इंधन येणार, हे गृहीत धरूनच आराखडा करावा लागला. १५० अश्वशक्तीचे हे सहा सिलिंडरचे इंजिन १९१८ मध्ये मार्क पाच रणगाड्यांत धावू लागले. हाती आलेले इंधन आधी पाहायचे आणि त्यानुसार इंजिन बेतायचे, हा धडा त्यांनी इथे घेतला.

त्याच वर्षी हॉपकिन्सन यांचा विमान अपघातात मृत्यू झाला. रिकार्डो यांनी गुरूंचे काम पुढे चालवले. रणगाड्याच्या इंजिनाच्या मानधनातून १९१९ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या शोरहॅम या गावी त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली.

मोजपट्टी सापडली

शेल कंपनीसाठी पेट्रोलचे नमुने तपासण्याचे काम रिकार्डो यांनी घेतले होते. हेन्री टिझर्ड आणि डेव्हिड पाय हे दोन तरुण शास्त्रज्ञ त्यांच्या जोडीला होते. तोवर पेट्रोलची प्रत त्याच्या विशिष्ट गुरुत्वावरून ठरवीत. जितके हलके, तितके उत्तम. रिकार्डो यांना ही कसोटी निरर्थक वाटत होती. म्हणून त्यांनी ई-३५ नावाचे एक सिलिंडरचे इंजिन बनवले. चालू असतानाच त्याचा कॉम्प्रेशन रेशो बदलता येई. सिलिंडर वर-खाली सरकवून हा रेशो पावणेचारच्या आसपासपासून आठपर्यंत नेता येत असे. इंधन भरायचे, रेशो हळूहळू वाढवायचा आणि ठकठक ऐकू येताच तो आकडा टिपायचा. त्या इंधनाची सहनशक्ती तेवढी.

या साध्या पद्धतीने मोठे निष्कर्ष हाती आले. बोर्निओतल्या तेलापासून मिळणारे पेट्रोल जड म्हणून हिणवले जात होते. त्यात बेंझिन आणि टोल्युइनसारखी सुगंधी संयुगे भरपूर असल्यामुळे ते ठकठकीला सर्वाधिक दाद न देणारे निघाले. अल्कोहोलही या परीक्षेत अव्वल ठरले. त्याचे बाष्प होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते आणि आत येणारा वायू थंड करते. रिकार्डो यांनी टोल्युइनला प्रमाण मानून इंधनांची क्रमवारी लावली. पुढे १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ऑक्टेन अंक रूढ झाला. त्यासाठी ठरवलेले प्रमाण इंजिनही कॉम्प्रेशन रेशो बदलता येणारेच होते. आज पंपावर ९१ किंवा ९५ हा आकडा दिसतो, त्यामागची कल्पना याच रांगेतली आहे.

शिशाची वाट आणि आकाराची वाट

ठकठकीवर उपाय शोधणारे दुसरे महत्त्वाचे नाव म्हणजे जनरल मोटर्सचे थॉमस मिजली. डिसेंबर १९२१ मध्ये त्यांना टेट्राएथिल लेड हे रसायन सापडले. चिमूटभर शिसे मिसळले की पेट्रोलची सहनशक्ती एकदम वाढे. किंमत मात्र भयंकर होती. १९२४ मध्ये न्यूजर्सीतल्या कारखान्यात या विषाने कामगार दगावले, तरीही हे पेट्रोल जगभर विकले गेले. भारतातून ते २००० मध्ये हद्दपार झाले आणि जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये त्यातून मुक्त झाला.

रिकार्डो यांनी मुख्य भर इंजिनाच्या आतल्या पोकळीच्या आकारावर दिला. ज्योतीला जावे लागणारे अंतर कमी केले आणि वायू घुसळून तिचा वेग वाढवला, तर शेवटच्या मिश्रणाला तापायला वेळच मिळत नाही. या विचारातून त्यांनी साइड व्हॉल्व्ह इंजिनांसाठी नवे हेड तयार केले. युद्धानंतरच्या सुमार पेट्रोलवर चालणाऱ्या स्वस्त मोटारींना त्याचा मोठा आधार मिळाला. १९२७ पासून त्यांनी स्लीव्ह व्हॉल्व्हचा पुरस्कार केला. नेहमीच्या इंजिनातला लालबुंद एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नाहीसा झाल्याने मिश्रण तापवणारी जागाच उरत नाही, हा त्यामागचा एक मुद्दा होता. ब्रिस्टल हर्क्युलिस आणि नेपियर सेबर ही गाजलेली विमान इंजिने याच पद्धतीची. १९२९ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

बूस्टची मर्यादा कुठे असते?

टर्बोचार्जरची कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांची. त्यांचे पेटंट १९०५ चे आहे. हवा कोंबण्याची ती युक्ती पेट्रोल इंजिनात किती ताणता येईल, याचा हिशेब मात्र रिकार्डो यांच्या कामातून लागतो. हवा दाबली की ती तापते. बाहेर ३५ अंश सेल्सिअस तापमान असताना एक बार बूस्ट दिला आणि टर्बोच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा सुमारे १३० अंशांवर जाते. अर्ध्या बारला ती ९० अंशांच्या आसपास असते. म्हणजे बूस्ट वाढवताच दाब आणि उष्णता दोन्ही एकाच वेळी वाढतात आणि कोपऱ्यातल्या त्या शेवटच्या मिश्रणावर दुहेरी मारा होतो.

रिकार्डो यांनी प्रयोगशाळेच्या इंजिनात सुमारे ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलवर बूस्ट वाढवत नेऊन ठकठकीची सीमा कुठे येते, ते पाहिले. पेट्रोलचे प्रमाण वाढवले की सीमा पुढे सरके. पाण्याचा फवारा दिला की आणखी पुढे. या सीमेचे महत्त्व १९४० मध्ये साऱ्या ब्रिटनला कळले. स्पिटफायर आणि हरिकेन विमानांतल्या रोल्स रॉइस मर्लिन इंजिनाला ८७ ऑक्टेनच्या इंधनावर सव्वासहा पौंड बूस्टची मर्यादा होती. १०० ऑक्टेनचे इंधन मिळताच आणीबाणीच्या वेळी तेच इंजिन १२ पौंडांवर चालवता येऊ लागले. यंत्र तेच राहिले, बदलले ते इंधन. त्या इंधनातही शिसे होते, हेही सांगितले पाहिजे.

शांततेच्या काळातला धडा १९६२ मध्ये मिळाला. अमेरिकेत ओल्डस्मोबिल जेटफायर ही टर्बो मोटार बाजारात आली. तिचा कॉम्प्रेशन रेशो सव्वादहा होता. त्यावर जेमतेम पाच पौंड बूस्ट द्यायचा, तरी पाणी आणि मिथाइल अल्कोहोलचे मिश्रण इंजिनात फवारावे लागे. त्याची टाकी पुन्हा भरण्याचा मालकांना कंटाळा येई आणि दोन वर्षांत ही मोटार बंद पडली. उलट १९७०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या साब ९९ टर्बोमध्ये रेशो बराच खाली आणला होता. तिथे पंपावरच्या पेट्रोलवर सुमारे ०.७ बार बूस्ट चालला. पाच पौंड एका मोटारीला जड गेले आणि त्याच्या दुप्पट दुसरीला पेलले.

बूस्टचा एकच सुरक्षित आकडा सांगता येत नाही, तो यामुळे. कॉम्प्रेशन रेशो, पेट्रोलचा ऑक्टेन अंक, ठिणगीची वेळ, इंटरकूलर हवा किती थंड करतो आणि बाहेरचे ऊन, एवढ्या गोष्टी मिळून सीमा ठरवतात. हिवाळ्यातल्या पहाटे निर्धोक वाटणारा बूस्ट मे महिन्याच्या दुपारी घाटात पिस्टन फोडू शकतो. ९५ ऑक्टेनसाठी बेतलेल्या मोटारीत ९१ भरले, तर कालचा हिशेब आज लागू पडत नाही. डिझेल मोटारीच्या बूस्टचा आकडा पाहून पेट्रोल मोटारीचा ठरवणे तर सर्वस्वी चुकीचे. डिझेल इंजिनात आधी नुसती हवाच दाबली जाते. त्यामुळे वेळेआधी आपोआप पेटायला तिथे इंधनच नसते. रिकार्डो यांनी डिझेलचीही सेवा केली. १९३१ मध्ये पेटंट घेतलेली त्यांची कॉमेट पद्धत लंडनच्या बसगाड्यांत आणि सिट्रोएनच्या डिझेल मोटारीत वापरली गेली.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, १९४४-४५ मध्ये, ते ब्रिटनच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्ष होते. १९४८ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १९६८ मध्ये त्यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९७४ मध्ये घसरून पडल्याने त्यांचा पाय मोडला आणि सहा आठवड्यांनी, १८ मे रोजी, वयाच्या ८९व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुढे १९८०च्या दशकाच्या आरंभी साबने सिलिंडर ब्लॉकवर ठकठक टिपणारा सेन्सर बसवला. आवाज येताच बूस्ट आपोआप कमी होऊ लागला. आज बहुतेक साऱ्या टर्बो पेट्रोल मोटारींत असा सेन्सर असतो आणि शोरहॅमच्या प्रयोगशाळेत माणूस कान देऊन करीत असे, ते काम तो सेकंदाला कित्येकदा करतो. लॅपटॉप जोडून बूस्ट वाढवणाऱ्याने आधी त्या सेन्सरच्या नोंदी पाहाव्यात, ऐन उन्हाळ्यात, भरलेल्या गाडीत, चढावर पाहाव्यात. तिथे ठकठक दिसली, तर आकडा कितीही लहान असला तरी त्या मोटारीसाठी तो जास्तच आहे.