धावण्याचे प्रचारक जिम फिक्स

सामान्य अमेरिकी माणसाला धावण्याची गोडी लावणारे लेखक जिम फिक्स यांचा जन्म १९३२ मध्ये न्यूयॉर्क येथे झाला. वयाच्या पस्तिशीपर्यंत ते स्थूल होते व दिवसाला दोन पाकिटे सिगारेट ओढत. १९६७ मध्ये त्यांनी धावण्यास प्रारंभ केला, धूम्रपान सोडले आणि वजन घटवले. धावण्याविषयीच्या त्यांच्या १९७७ मधील पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. मात्र त्यांच्या वडिलांचे वयाच्या ४३ व्या वर्षी हृदयविकाराने निधन झाले होते. असे असूनही डॉक्टरांनी सुचवलेली स्ट्रेस टेस्ट फिक्स यांनी टाळली. २० जुलै १९८४ रोजी व्हरमाँट राज्यात धावण्यास गेले असता हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्यांत गंभीर अडथळे आढळले. व्यायाम हा वैद्यकीय तपासणीला पर्याय ठरू शकत नाही, हेच त्यांच्या मृत्यूने अधोरेखित केले.