पकडलेला मासा पुन्हा नदीत सोडा, असं सांगणारे ली वुल्फ कोण होते?

मासा गळाला लागला की थेट कढईत! मग तो परत पाण्यात कोण सोडेल? पण अमेरिकेचे ली वुल्फ हेच सांगत राहिले.

१९०५ साली अलास्कात जन्मलेले वुल्फ इंजिनीअरिंग शिकले, पॅरिसमध्ये चित्रकलाही शिकले. जीव मात्र रमला नदीकाठी. गळ टाकणारे वाढले आणि प्रत्येक मासा घरी गेला, तर नदी रिकामी होणार, हे त्यांनी ओळखलं. १९३९ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की, असा मासा एकदाच पकडून संपवणं परवडणारं नाही.

पण सोडला म्हणजे जगलाच, असं नाही. फार वेळ झुंजवलेला ट्राउट दमून नंतरही मरतो. कोरड्या हातांनी धरलं तर अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघतो. म्हणून मासा लवकर ओढायचा, हात ओले करायचे, उलटा काटा नसलेला गळ वापरायचा आणि शक्यतो पाण्यातच गळ काढायचा.

१९९१ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, विमान अपघातात वुल्फ गेले. आज अमेरिकेतल्या अनेक नद्यांच्या काही पट्ट्यांत ट्राउट सोडून देणं बंधनकारक आहे.