गाउसची पाटी

गणेशोत्सवात किंवा कोजागरीला मंडळात चार घरची माणसे जमली, की लहान मुलांच्या आईवडिलांची एक तक्रार हमखास ऐकू येते. मुलाला वर्गात सगळे पटकन येते, गणिते सगळ्यांच्या आधी सुटतात. मग तो खिडकीबाहेर बघत बसतो नाही तर शेजारच्याला छळतो, आणि शाळेतून चिठ्ठी येते ती खोडकरपणाची. अशा मुलाचे करायचे काय? त्या निमित्ताने एका जर्मन मुलाची हकीकत सांगावीशी वाटते. पुढे तो जगातल्या थोर गणितज्ञांपैकी एक झाला, पण इथे जास्त बोलायचे आहे ते त्याच्या शाळेबद्दल.

कार्ल फ्रीडरिश गाउस याचा जन्म ३० एप्रिल १७७७ रोजी ब्राउनश्वाइग शहरात झाला. ही तारीखही त्यानेच पुढे गणित करून काढली. त्याच्या आईला, डोरोथेआला, लिहिता येत नव्हते. मुलगा एका बुधवारी, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी आठ दिवस झाला, एवढेच तिच्या लक्षात होते. वडील कधी गवंडीकाम, कधी बागकाम, कधी कालव्याची कामे करत. स्वभावाने करडे, पण हिशेबाला चोख. एकदा ते मजुरांच्या पगाराची बेरीज करत असताना तीन वर्षांच्या कार्लने त्यातली चूक दाखवली, ही आठवण गाउस स्वतः म्हातारपणी सांगत असे.

सातव्या वर्षी, १७८४ मध्ये, तो सेंट कॅथरिनच्या शाळेत जाऊ लागला. बुटक्या छताची, कोंदट अशी एकच खोली आणि तीत शंभरेक पोरे. मास्तर ब्युटनर हातात चाबूक घेऊनच फेऱ्या मारायचे. आपल्या आजोबा-पणजोबांनी छडीवाल्या पंतोजींच्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्यातलेच हे एक पंतोजी समजायला हरकत नाही.

दोनेक वर्षांनी तो अंकगणिताच्या वर्गात आला. तिथे एक रीत होती. ज्याचे गणित आधी होईल त्याने पाटी मेजावर पालथी ठेवायची, पुढच्याने आपली पाटी तिच्यावर ठेवायची. एके दिवशी मास्तरांनी एक लांबलचक बेरीज घातली. गोष्टीत ती १ ते १०० पर्यंतच्या आकड्यांची सांगतात. गणित सांगून होते न होते तोच कार्लने पाटी मेजावर ठेवली आणि हात जोडून जागेवर बसला. बाकीची मुले आकड्याखाली आकडा मांडत राहिली.

पहिला आणि शेवटचा आकडा मिळवला तर १०१. दुसरा आणि शेवटून दुसरा मिळवला तरी १०१. अशा ५० जोड्या, म्हणजे ५०५०. ही युक्ती आता बहुतेकांना माहीत असते. माझे लक्ष मात्र दुसरीकडेच जाते. ज्याची पाटी सर्वांत आधी पडली, ती ढिगाच्या तळाशी गेली. म्हणजे सगळ्यांत हुशार मुलाचे उत्तर सगळ्यांत शेवटी बघितले जाणार, आणि तोवर त्याने स्वस्थ बसायचे. वर्गातला वेळ अशा मुलांच्या अंगावर येतो तो असा.

अखेर मास्तरांनी ढीग उपसला. वरच्या कितीतरी पाट्यांवरची उत्तरे चुकलेली, आणि तळाच्या पाटीवर एकच आकडा, बरोबर. हा मुलगा आगाऊ आहे असे ठरवून चाबूक उगारणे ब्युटनरना सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. हॅम्बुर्गहून अंकगणिताचे वरच्या पायरीचे पुस्तक त्यांनी या मुलासाठी खास मागवले. तेही त्याने संपवले, तेव्हा याला शिकवण्यासारखे आपल्यापाशी काही उरले नाही हे त्यांनी मान्य केले. शंभर पोरांच्या वर्गात करडा दरारा ठेवणाऱ्या माणसाने हे मान्य करणे लहान गोष्ट नव्हे.

पुस्तकाखेरीज त्याला सोबतही मिळाली. मार्टिन बार्टेल्स नावाचा सतरा वर्षांचा मुलगा शाळेत मदतनीस होता. लहानांना पिसाच्या लेखण्या तासून द्यायच्या, अक्षर गिरवून घ्यायचे, हे त्याचे काम. कथिलाची भांडी करणाऱ्या कारागिराचा तो मुलगा, स्वतःच गणिताचा वेडा. वयात आठ वर्षांचे अंतर असून दोघे बरोबरीने पुस्तके मिळवून वाचू लागले. द्विपद सिद्धान्त, अनंत श्रेणी असले विषय दहा-अकरा वर्षांचा मुलगा सोडवत होता, कारण शेजारी बसून अडणारा आणि पुन्हा प्रयत्न करणारा कोणीतरी होता. निव्वळ पुस्तक हातात देऊन कोपऱ्यात बसवले असते तर इतके झाले असते असे वाटत नाही.

घरी अडचण वेगळी होती. संध्याकाळी मुलाने ताग कातून चार पैशांना हातभार लावावा अशी वडिलांची अपेक्षा. शाळेतून त्यांची समजूत घातली गेली आणि कार्लची कताई सुटली. पोटाची चिंता असलेल्या घरात हा त्याग खराच होता, म्हणून वडिलांना खलनायक ठरवणाऱ्या चरित्रकारांशी मी सहमत नाही.

पुढचे थोडक्यात सांगते. १७८८ मध्ये तो वरच्या शाळेत गेला. बार्टेल्सच्या ओळखीतून त्याचे नाव मोठ्या लोकांच्या कानी पोचले आणि १७९१ मध्ये ब्राउनश्वाइगच्या ड्यूकने त्याला विद्यावेतन दिले. भाषा की गणित हे गोटिंगेनला गेल्यावरही ठरत नव्हते. ३० मार्च १७९६ रोजी पट्टी आणि कंपास एवढ्यावरच सतरा भुजांची सुसम आकृती काढता येते हे त्याला उमगले आणि निर्णय झाला. १८०१ मध्ये त्याचा संख्या सिद्धान्तावरचा ग्रंथ निघाला. त्याच वर्षी दिसेनासा झालेला सेरेस हा लघुग्रह त्याच्या गणिताच्या आधारे पुन्हा सापडला. १८०७ पासून २३ फेब्रुवारी १८५५ रोजी मृत्यू येईपर्यंत तो गोटिंगेनच्या वेधशाळेचा प्रमुख होता. आईची शेवटची बावीस वर्षे त्याच्याच घरी गेली.

बाप म्हणून मात्र त्याची बाजू लंगडी पडते. मुलगा ऑयगेन भाषांत आणि आकडेमोडीत तल्लख होता, पण गाउसने त्याला कायद्याकडे वळवले. दोघांचे बिनसले आणि १८३० मध्ये मुलगा अमेरिकेला निघून गेला.

बार्टेल्स पुढे रशियातल्या काझानला प्राध्यापक झाला. तिथे त्याच्या हाताखाली निकोलाय लोबाचेव्स्की नावाचा मुलगा शिकला. युक्लिडहून वेगळी भूमिती मांडणारा तो हाच. साठी ओलांडल्यावर बुद्धी ताजी राहावी म्हणून गाउस रशियन शिकला आणि लोबाचेव्स्कीचे लेखन मूळ भाषेतून वाचू लागला. १८४२ मध्ये त्याच्याच शिफारशीवरून गोटिंगेनच्या विद्वत्सभेने लोबाचेव्स्कीला सभासद करून घेतले.