फाळकेंचा कॅमेरा, गोध्र्याचा प्लेग आणि स्मशानातलं पोर

येळ्ळूर : आमच्याकडं जुन्या घरांच्या सोप्यात हार घातलेले फोटो असतात. काही घरांत मात्र गेलेल्या माणसाचा फोटोच नाही, कारण तेव्हा फोटो काढायलाच लोक भीत. ही भीती ज्याच्या पोटावर आली, असा एक फोटोग्राफर म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. आज ३० एप्रिल, दादासाहेबांची जयंती.

१८७० साली त्र्यंबकेश्वरात जन्म. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला, पुढं बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण. तिथंच कॅमेरा हातात आला. गोध्र्यात स्टुडिओ टाकला आणि १९०० च्या सुमारास प्लेग आला. बायको गेली, मूल गेलं. प्लेगात गाव सोडून शेतात खोपी घालून राहिल्याच्या गोष्टी आपल्या भागात आजही निघतात, त्यामुळं हे वेगळं समजावून सांगायला नको.

बडोद्याला परत येऊन पुन्हा फोटोचा धंदा काढला, तर फोटो काढला की अंगातली ताकद जाऊन माणूस मरतो, अशी अफवा उठली. घरातली दोन माणसं गमावलेल्या माणसाच्या कॅमेऱ्यालाच लोक मरण म्हणू लागले! धंदा बसला. मग नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली, छापखाना काढला. मी कॉमर्सचा माणूस, हा ताळेबंद बघून कुठल्याही बँकेनं कर्ज दिलं नसतं.

दुसरं लग्न झालं ते किर्लोस्कर नाटक मंडळीशी नातं असलेल्या घरात. त्या मंडळीचे अण्णासाहेब म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. या सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला भोकं पाडली, सगळ्या युनिटचा स्वयंपाक केला.

आता मुद्द्याचं. पहिल्या सिनेमासाठी फाळकेंनी गोष्ट निवडली हरिश्चंद्राची. साप चावून रोहिदास मरतो आणि तारामती पोराला घेऊन स्मशानात येते. रोहिदासाचं काम दिलं स्वतःच्या मुलाला, भालचंद्राला. शूटिंगच्या वेळी तो दगडावर पडला, डोक्यातून रक्त आलं, शुद्ध गेली. फाळकेंनी मलमपट्टी केली आणि बेशुद्ध पोरावरच मरणाचा सीन घेतला, असं सांगतात. ऐकून राग येतो. मलाही आला. पण एक मूल आधीच जाळलेला बाप तेव्हा कॅमेऱ्यामागं उभा होता, हेही डोक्यातून जात नाही. त्यांनी ते दुःख मुद्दाम उकरलं की त्यांना दुसरं काही सुचलंच नाही, कोण सांगणार?

भालचंद्र वाचला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

सहा वर्षांनी 'कालिया मर्दन'. पुन्हा साप आणि पुन्हा घरचंच लेकरू. कृष्ण झाली मुलगी मंदाकिनी. कृष्ण डोहात उडी घेतो आणि काठावर सगळा गोकुळ घाबरून उभा. हा सिनेमा बराचसा शिल्लक आहे, मोबाईलवरही बघायला मिळतो. यात लेकरू पाण्यातून जिवंत वर येतं.