गुलामाघरची लेक, शाळेची प्राचार्या : ॲना ज्युलिया कूपर



आपल्या या पत्रिकेत आपण दर वेळी एका थोर व्यक्तीचे चरित्र देत असतो. बहुतेक नावे आपल्या ओळखीची असतात. या वेळी मात्र आम्ही जरा लांबचे नाव निवडले आहे. त्यामागे एक छोटासा प्रसंग आहे.

आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी सध्या अमेरिकेत कॉलेजात शिकते. सुट्टीत इंदूरला आली तेव्हा आम्हाला भेटायला आली. बोलता बोलता म्हणाली की, तिकडे अमेरिकेचा इतिहास वेगळ्या रीतीने शिकवतात. कोणतीही घटना घेतली की तीन प्रश्न विचारायचे. त्या माणसाचा वंश कोणता होता? तो गरीब होता की श्रीमंत? आणि ती स्त्री होती की पुरुष? हे तीन प्रश्न विचारले की तोच इतिहास निराळा दिसू लागतो.

आम्ही विचारात पडलो. आमचे बी.ए. हिंदी माध्यमातून झाले. अमेरिकेच्या इतिहासाचा एक पेपर आम्हालाही होता. वॉशिंग्टन, जेफरसन, लिंकन यांची नावे आणि सनावळ्या आम्ही तोंडपाठ केल्या होत्या. गुलाम मुक्त झाले, एवढे एक वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिले की गुण मिळत. मुक्त झालेल्या त्या माणसांचे पुढे काय झाले, त्यांच्या मुलींना कोणी शाळेत घेतले का, हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नाही. त्या विद्यार्थिनीच्या अभ्यासक्रमात एक नाव होते, ॲना ज्युलिया कूपर. आम्ही त्यांच्याविषयी मिळेल ते वाचले. ते आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

ॲना यांचा जन्म १० ऑगस्ट १८५८ रोजी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, रॅले या गावी झाला. आई हॅना स्टॅनली गुलाम होती. त्या काळच्या कायद्याप्रमाणे गुलाम आईचे मूल जन्मतःच गुलाम. वडील बहुधा त्या घरचे गोरे मालकच असावेत. आईने लाजेपायी त्यांचे नाव कधी उच्चारले नाही. आईला शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते, जेमतेम लिहितावाचता येत होते, पण मुलीने शिकावे ही तिची इच्छा होती.

यादवी युद्ध संपले आणि १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. मुक्त झालेल्यांच्या मुलांसाठी रॅले येथे सेंट ऑगस्टीन ही शाळा निघाली. १८६८ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षात, ॲना तेथे शिष्यवृत्तीवर दाखल झाल्या. त्या इतक्या हुशार होत्या की लहानपणीच इतर मुलांना शिकवू लागल्या. शाळेत ग्रीक भाषेचा वर्ग सुरू झाला, पण तो धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या मुलग्यांसाठी होता. मुलींना हे शिकून काय करायचे, असा सर्वांचा समज. ॲना यांनी तक्रार केली, पाठपुरावा केला आणि त्या वर्गात जागा मिळवली. तेथे ग्रीक शिकवणारे जॉर्ज कूपर यांच्याशी १८७७ मध्ये त्यांचा विवाह झाला. दोनच वर्षांत पती वारले. वयाच्या एकविसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

१८८१ मध्ये त्या ओहायो राज्यातील ओबर्लिन कॉलेजात गेल्या. कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांनाही प्रवेश देणारे ते त्या काळातले मोजक्यांपैकी एक कॉलेज. तेथेही स्त्रियांसाठी एक सोपा अभ्यासक्रम वेगळा होता. ॲना यांनी पुरुषांचा पूर्ण चार वर्षांचा अभ्यासक्रम घेतला. १८८४ मध्ये बी.ए. आणि १८८७ मध्ये गणितात एम.ए. त्याच वर्षी राजधानी वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीय मुलांच्या सरकारी हायस्कूलमध्ये त्या शिक्षिका झाल्या. ही शाळा पुढे एम स्ट्रीट हायस्कूल म्हणून प्रसिद्ध झाली.

१८९२ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्याच्या नावाचा अर्थ दक्षिणेकडचा एक आवाज असा होतो. त्यातले एक चित्र आमच्या मनातून जात नाही. दक्षिणेकडील एका रेल्वे स्टेशनवर विश्रांतीच्या दोन खोल्या आहेत. एकीवर स्त्रियांसाठी अशी पाटी, दुसरीवर कृष्णवर्णीयांसाठी अशी पाटी. ॲना फलाटावर उभ्या आहेत. आपण कोणत्या दारातून आत जायचे, हा त्यांना पडलेला प्रश्न.

मुलांनो, हे चित्र नीट समजून घ्या. पहिल्या खोलीत फक्त गोऱ्या स्त्रिया धरलेल्या होत्या. दुसऱ्या खोलीत स्त्री म्हणून कोणतीही अदब नव्हती. पाट्या लिहिणाऱ्याच्या मनात कृष्णवर्णीय स्त्री हा माणूसच नव्हता. पुस्तकात पुढे त्या धुण्याच्या टोपावर आणि इस्त्रीच्या फळीवर दिवसभर वाकलेल्या गरीब बायांविषयी लिहितात. कामगारांच्या हक्कांबद्दल मोठी भाषणे होतात, पण त्यांत या बायांच्या मजुरीचा विचार कोण करतो, असे त्या विचारतात. गोऱ्या स्त्रियांच्या संस्थांनी कृष्णवर्णीय स्त्रियांना दाराबाहेर ठेवले, तेही त्या सांगतात. आणि स्वतःच्या समाजातील पुरुषांनाही त्या सोडत नाहीत. निम्मा समाज मुका ठेवून उरलेला निम्मा पुढे जाऊ शकत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. वंश, वर्ग आणि स्त्रीत्व ही तीन ओझी एकाच डोक्यावर असतात, ती वेगवेगळी मोजता येत नाहीत, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

१९०२ मध्ये त्या एम स्ट्रीट हायस्कूलच्या प्राचार्या झाल्या. इथून पुढची हकिगत आम्हाला सर्वांत जवळची वाटते.

त्या वेळी कृष्णवर्णीय मुलांना काय शिकवावे यावर मोठा वाद चालू होता. बुकर टी. वॉशिंग्टन हे मोठे नेते. त्यांचे म्हणणे, आधी हातकाम, सुतारकाम, शेती शिका आणि पोटाला लागा. दुसरीकडे डॉ. डु बॉइस म्हणत की हुशार मुलांना उच्च शिक्षण मिळालेच पाहिजे. कूपरबाईंचा हातकामाला विरोध नव्हता. मात्र कातडीचा रंग पाहून मुलाचा अभ्यासक्रम ठरवणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी लॅटिन, गणित, विज्ञान ठेवले आणि मुलांची कसून तयारी करून घेतली. त्यांची मुले हार्वर्ड, येल, ब्राऊन अशा नामांकित विद्यापीठांत जाऊ लागली.

हे वरच्यांना रुचले नाही. हायस्कूलांचे गोरे संचालक या मुलांसाठी सोपा अभ्यासक्रम आणू पाहत होते. बाईंनी नकार दिला. मग त्यांच्यावर आरोप सुरू झाले. शाळेत शिस्त नाही, बाई वरिष्ठांना सहकार्य करत नाहीत. एवढ्याने भागेना, तेव्हा त्यांच्या चारित्र्याविषयीही कुजबुज उठवली गेली. १९०५ मध्ये चौकशी झाली आणि १९०६ मध्ये त्यांची पुन्हा नेमणूक केली गेली नाही. बाई मिसुरी राज्यात जाऊन चार वर्षे शिकवत राहिल्या. १९१० मध्ये नव्या अधिकाऱ्यांनी त्यांना परत बोलावले, पण लॅटिनच्या शिक्षिका म्हणून. ज्या शाळेच्या त्या प्राचार्या होत्या, तिथेच साध्या शिक्षिका म्हणून त्या मुकाट्याने वर्गावर गेल्या.

मनात डॉक्टरेटची इच्छा होती. १९१४ च्या उन्हाळ्यात त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात नाव घातले. त्याच काळात, १९१३ ते १९१६ या वर्षांत, आपल्या शेजारच्या महू येथे जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर त्याच विद्यापीठात शिकत होते. एक गुलामाघरची लेक, दुसरा अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातला मुलगा, आणि विद्यापीठ एकच.

पण १९१५ मध्ये भावाच्या घरची पाच लहान नातवंडे बाईंच्या पदरी आली. त्यांचे वय तेव्हा सत्तावन्न. मुलांसाठी त्यांनी मोठे घर घेतले आणि त्यांना वाढवले. कोलंबियाच्या नियमाप्रमाणे एक वर्ष न्यूयॉर्कमध्ये राहणे त्यांना शक्य झाले नाही. तेव्हा त्यांनी पॅरिसच्या सोरबॉन विद्यापीठाची वाट धरली. नोकरी सांभाळून, सुट्ट्यांमध्ये जाऊन, त्यांनी फ्रेंच भाषेत प्रबंध लिहिला. विषय होता, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात फ्रान्सची गुलामगिरीविषयीची भूमिका. समतेची घोषणा देणारा फ्रान्स आपल्या वसाहतीतल्या, म्हणजे आजच्या हैतीतल्या, गुलामांशी कसा वागला हे त्यात त्यांनी तपासले. २३ मार्च १९२५ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, परीक्षकांपुढे त्यांनी तो मांडला आणि त्या डॉक्टर झाल्या. परीक्षकांमध्ये बुग्ले नावाचे विद्वान होते. त्यांनी १९०८ मध्ये भारतातील जातिव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला होता. समतेची कल्पना हा विशिष्ट युरोपीय लोकांचाच वारसा असल्याचे त्यांचे मत बाईंना पटले नाही आणि त्यांनी ते तोंडावर खोडून काढले.

१९३० मध्ये त्या शाळेतून निवृत्त झाल्या. मग फ्रेलिंगहायसन विद्यापीठ या संस्थेची धुरा त्यांनी घेतली. दिवसभर मोलमजुरी करणाऱ्या प्रौढांसाठी तेथे संध्याकाळचे वर्ग चालत. संस्थेला इमारतीचे पैसे भरणे जमेना, तेव्हा बाईंनी वर्ग स्वतःच्या घरी आणले. त्यातील एका विभागाला त्यांनी आपल्या आईचे नाव दिले. जिला शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते, तिचे नाव शाळेला लागले. २७ फेब्रुवारी १९६४ रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. वंशभेदाला बंदी घालणारा नागरी हक्कांचा कायदा त्यानंतर चारच महिन्यांनी झाला.

बराच काळ जगाला त्यांचा विसर पडला होता. १९६८ नंतर अमेरिकेतील विद्यार्थ्यांनी आंदोलने केली आणि कॉलेजांतून कृष्णवर्णीयांच्या व स्त्रियांच्या इतिहासाचे विभाग सुरू झाले. तेव्हा अभ्यासकांना बाईंचे पुस्तक पुन्हा सापडले. १९८८ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. २००९ मध्ये अमेरिकेने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. या अभ्यासावर तेथे वादही होतात, काही राज्यांनी त्यावर बंधनेही घातली आहेत. तरी ते तीन प्रश्न आता पुसले जाणार नाहीत, असे आम्हाला वाटते.

आपल्या मराठी माणसाला हे प्रश्न परके नाहीत. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. तेव्हा ॲना पंधरा वर्षांच्या होत्या आणि रॅलेच्या शाळेत शिकत होत्या.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. दोन वर्षांपूर्वी दहावी झालेली आपली एक मुलगी अकरावीत गणित घ्यायचे म्हणून आमच्याकडे आली होती. तिची आई चार घरी पोळ्या करते. गुण बरे होते, फार नव्हते. ट्यूशन परवडणार नाही, पुढे लग्नही होईल, असा विचार करून आम्ही तिला सोपे विषय घे असे सांगितले. आमच्या मनात तिचे भलेच होते. कूपरबाईंना सोपा अभ्यासक्रम सुचवणारे संचालकही स्वतःला मुलांचे हितचिंतकच समजत असतील. हे चरित्र वाचताना ती मुलगी आठवली आणि आम्हाला लाज वाटली. सारखेच गुण असलेल्या डॉक्टरांच्या मुलाला आम्ही तसे सांगितले असते का? आम्ही तिच्या घरी जाऊन आलो. तिचे ते वर्ष आता परत येणार नाही. पण यापुढे कोणताही विषय मागायला आलेल्या मुलाला त्याचे घर पाहून उत्तर दिले जाणार नाही, हे आम्ही येथे लिहून देतो. विश्वस्त मंडळींना विनंती आहे की, ज्यांना बाहेरची ट्यूशन परवडत नाही अशा मुलांसाठी शाळेतच संध्याकाळचा गणिताचा वर्ग सुरू करण्यास मंजुरी द्यावी. शिकवायला आम्ही शिक्षक तयार आहोत.

आणि विद्यार्थ्यांनो, या सुट्टीत एक काम करा. घरी आजी असेल, पणजी असेल, घरकामाला येणाऱ्या मावशी असतील, त्यांच्याजवळ बसा. त्यांची शाळा कोणत्या इयत्तेत सुटली आणि का सुटली, हे विचारा. जे सांगतील ते वहीत लिहून आणा. निवडक लेख पुढच्या अंकात छापू.