सोळाव्या वर्षी शाळा सुटली, पण सांगली-साताऱ्याचा रेडिओ आजही त्याच्याच गणितावर चालतो

1251 किलोहर्ट्झ म्हटलं की सांगली आकाशवाणी. 1963 पासून सांगली-साताऱ्यातल्या कित्येक घरांची सकाळ याच केंद्रावर उजाडली. पण ट्रान्समीटरमधून निघालेली ताकद मनोऱ्यापर्यंत पोहोचते की नाही, हे कळतं कसं? त्यामागचं गणित मांडणारा गडी म्हणजे ऑलिव्हर हेविसाइड.

1850 साली लंडनमधल्या गरीब घरात त्याचा जन्म झाला. लहानपणी स्कार्लेट फीवर झाला आणि ऐकू कमी यायला लागलं. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. पुढं तो तार कंपनीत ऑपरेटर झाला. 1874 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, नोकरी सोडून त्यानं आईवडिलांच्या घरी गणिताची पुस्तकं उघडली. नंतर नोकरी केलीच नाही. मॅक्सवेलची समीकरणं आज चार ओळींत शिकवतात, ती मांडणीही त्याचीच.

त्यानं दाखवून दिलं की तारेतून विजेची लाट धावते. टोकाला जुळणी नीट नसेल तर विहिरीच्या काठावर आपटलेल्या लाटेसारखी ती मागं फिरते. ही जुळणी ज्यावर ठरते त्या गुणाला ‘इम्पीडन्स’ हे नाव त्यानंच दिलं.

रेडिओ केंद्रात आज हेच मोजतात. केबलमध्ये बसवलेला कपलर पुढं जाणारी आणि परत येणारी लाट वेगवेगळी पकडतो. समजा 100 वॅट पुढं गेले आणि 4 वॅट परत आले, तर मनोऱ्याला मिळाले 96. परतणारा आकडा वाढला तर ट्रान्समीटर जळू शकतो, म्हणून तो आपोआप बंद होईल अशी सोय असते. असे मीटर पुढं इतरांनी बनवले, पण पाया हेविसाइडचा.

त्याच्या वाट्याला मात्र उपेक्षा आली. लांबच्या टेलिफोन लाइनवर आवाज स्पष्ट ठेवायचा उपाय त्यानं 1887 मध्ये सांगितला, तर ब्रिटिश पोस्ट खात्याचे बडे अधिकारी विल्यम प्रीस आडवे आले. पुढं त्याच कल्पनेच्या पेटंटवर अमेरिकेत मायकेल प्युपिननं भरपूर पैसा कमावला.

1922 मध्ये पहिलं फॅराडे पदक त्याला मिळालं. तोवर तो टॉर्कीत एकटाच, हलाखीत राहत होता. 1925 मध्ये तो गेला.

आज मात्र रेडिओ केंद्रातल्या मीटरचा काटा हलतो, तो त्याच्याच हिशोबानं.